ठसा, मोहोर आणि पंचनामा : न्यायसहायक विज्ञानाचा मराठी पूर्वेतिहास

१

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर उभ्या असलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दोन लहान घुमट्या आहेत. त्यांत चुन्यात उमटलेले एका हाताचे व एका पायाचे ठसे जतन केलेले असून ते शिवछत्रपतींचे होत, अशी परंपरा आहे. किल्ल्याचे बांधकाम १६६४ साली सुरू होऊन १६६७ साली पुरे झाले. यात्रेकरू या ठशांना नमस्कार करतो. इतिहासाचा अभ्यासक परंपरा केव्हापासूनची, असे विचारतो. परंतु न्यायसहायक विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात तेथे तिसराच प्रश्न उभा राहिला पाहिजे : हा ठसा ज्याच्याशी ताडून पाहावयाचा, तो निर्विवाद असा दुसरा ठसा कोठे आहे? तो नसेल तर ठसा हा श्रद्धेचा विषय राहील, पुराव्याचा होणार नाही. ठसा स्वतः काही सांगत नाही. तो कोणी, कोठे, केव्हा पाहिला, कशाशी ताडला आणि काय म्हणून लिहून ठेवला, यावर त्याचे पुरावापण अवलंबून असते.

आमच्या विभागात येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी काहीजण, विशेषतः दक्षिण कोकणातून आलेले, न्यायसहायक विज्ञान अथवा गुन्हेशास्त्र या क्षेत्राकडे वळावे काय, असा सल्ला अलीकडे विचारतात. हे क्षेत्र रसायनशास्त्राचे, जीवशास्त्राचे आणि यंत्रांचे. भाषेच्या विद्यार्थ्याला तेथे जागा नाही, असे त्यांच्या प्रश्नात गृहीत असते. हे गृहीत कितपत खरे आहे ते इतिहासाच्या आधारे तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, मराठी प्रदेशात पुराव्याची पद्धत तीन वेळा पालटली, तथापि प्रत्येक वेळी पुरावा अखेर शब्दांवरच टेकलेला राहिला. आणि आजही प्रयोगशाळेकडे जाणारी वाट घटनास्थळी लिहिल्या जाणाऱ्या मराठी मजकुरातूनच जाते.

प्रथम संज्ञेचा विचार करू. ‘फॉरेन्सिक’ हे विशेषण लॅटिन ‘फोरम’ या शब्दापासून आले आहे. फोरम म्हणजे रोमन नगरातील सार्वजनिक चौक. तेथे वादी-प्रतिवादींची भाषणे होत व निवाडे होत. आपल्याकडील गावाची चावडी ही त्याच जातीची संस्था. महाराष्ट्र शासनाने या विशेषणासाठी ‘न्यायसहायक’ हा शब्द स्वीकारला आहे. तो केवळ भाषांतर नव्हे; त्यात एक मर्यादाही सांगितलेली आहे. हे विज्ञान न्याय करीत नाही, न्यायास साहाय्य करते. गुन्हेशास्त्र हे त्याहून वेगळे. गुन्हा का घडतो, समाज त्याला गुन्हा का म्हणतो, शिक्षेने काय साधते, हे त्याचे प्रश्न. एकाचे काम वस्तूशी, दुसऱ्याचे माणसाशी. परंतु दोहोंची सामग्री माणसांच्या सांगण्यातून आणि लिहिण्यातून येते.

२

मराठेशाहीतील न्यायपद्धतीचा पुरावा ज्या कागदांत टिकला आहे, त्यांतील प्रमुख म्हणजे महजर. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथात या कागदांचा विस्ताराने अभ्यास केला आहे. ‘महजर’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि आपल्या रोजच्या ‘हजर’ या शब्दाचा तो सख्खा भाऊ आहे. जे हजर होते त्यांच्या समक्ष झालेला लेख, तो महजर. म्हणजे त्या व्यवस्थेत पुराव्याचा पाया उपस्थिती हा होता. गोतसभेत बसलेले वतनदार, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार यांच्या देखत निवाडा व्हावयाचा आणि त्यांनी आपापल्या खुणेने तो पक्का करावयाचा. ज्यांस लिहिता येत नसे त्यांची खूण त्यांच्या व्यवसायावरून ओळखली जाई. कुणब्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’, स्त्रीच्या नावापुढे ‘निशाणी बांगडी’. या खुणेने व्यक्तीची ओळख पटत नसे. शंभर कुणब्यांचा नांगर एकसारखाच. पटत असे ती त्याची समाजातील जागा. आणि व्यक्ती कोण, याची ग्वाही भोवती बसलेली माणसे देत.

साक्षी-पुरावा थकला की दिव्य. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढावयाचा आणि हात भाजला की नाही त्यावरून खरेखोटे ठरवावयाचे, हे रवादिव्य प्रसिद्धच आहे. आजच्या बुद्धीला ही पद्धत अमान्य आहे, हे सांगण्याची गरज नाही. परंतु तिच्या विधीतील एक तपशील अभ्यासकाने दुर्लक्षू नये. दिव्य करणाऱ्याचे हात धुवून, नखे काढून ते पिशवीत बांधीत व पिशवीवर मोहोर करीत. ठरलेले दिवस लोटल्यावर पंचांसमक्ष मोहोर तपासून, ती शाबूत असल्याचे पाहून मगच हात उघडीत. अनुमान चुकीचे होते, पण मध्यंतरी कोणी ढवळाढवळ केली नाही याची हमी घेण्याची दृष्टी मात्र पक्की होती. आज घटनास्थळावरून घेतलेला नमुना बाटलीत घालून, त्यावर लाखेची मोहोर करून, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून प्रयोगशाळेकडे धाडतात. तेथेही प्रथम मोहोर पाहतात, मग बाटली उघडतात. हाताची जागा बाटलीने घेतली, देवाची जागा रसायनाने घेतली, पण मोहोर आणि पंच दोन्ही जेथल्या तेथे राहिले.

‘पंचनामा’ या शब्दाची घडणही हीच गोष्ट सांगते. ‘पंच’ संस्कृत, ‘नामा’ फारसी. करारनामा, जाहीरनामा, राजीनामा यांच्या वळणावर तो तयार झाला. इंग्रजी अमदानीत फौजदारी प्रक्रियेची संहिता आली आणि झडतीच्या वेळी त्या भागातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, असा नियम तिने घातला. या लेखाला संहितेने खास नाव दिले नाही, त्याची व्याख्या केली नाही. लोकांनी मात्र त्याला आपल्या ओळखीचे नाव दिले. महजर गेला, त्याच्या पोटातील ‘हजर’ राहिला.

३

मालवण बंदर व सिंधुदुर्ग हा मुलूख १८१२ साली करवीरकरांशी झालेल्या तहाने इंग्रजांकडे गेला. पुढील साठ वर्षांत या किनाऱ्याला, उर्वरित मुंबई इलाख्याप्रमाणेच, नवी न्यायालये, १८६० चा दंडविधान कायदा आणि १८७२ चा पुरावा कायदा लागू झाला. या दुसऱ्या कायद्याच्या ४५ व्या कलमाने तज्ज्ञाचे मत हा पुराव्याचा एक प्रकार म्हणून मान्य केला. येथे पुराव्याच्या पद्धतीने दुसरे वळण घेतले. आतापर्यंत जो हजर होता त्याचे म्हणणे ग्राह्य होते. आता जो घटनेच्या वेळी मुळीच हजर नव्हता, परंतु ज्यास विशेष ज्ञान आहे, त्याचेही म्हणणे ग्राह्य झाले.

त्या ज्ञानाची संस्था आधीच उभी राहू लागली होती. हिंदुस्थानात विषप्रयोगाच्या प्रकरणी व्हिसेरा तपासण्यासाठी मद्रासेस १८४९ साली, कलकत्त्यास १८५३ साली, आग्र्यास १८६४ साली आणि मुंबईस १८७० साली रासायनिक परीक्षकांच्या प्रयोगशाळा निघाल्या. मुंबईत या अधिकाऱ्यास ‘केमिकल ॲनालायझर’ म्हणत, आणि ‘रासायनिक विश्लेषक’ हे त्याचे मराठी रूप आजही आपल्या प्रयोगशाळांच्या पदनामांत टिकून आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजातील रसायनाचे अध्यापक व मुंबई सरकारचे विश्लेषक आय. बी. लायन यांनी न्यायवैद्यकावर हिंदुस्थानाकरिता लिहिलेला ग्रंथ पुढे कित्येक पिढ्यांनी अभ्यासला.

या नव्या पद्धतीची मोठी कसोटी लागली ती एका मराठी संस्थानात. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबताच्या पेल्यात गाळ आढळला. रेसिडेन्सीच्या सर्जनने व नंतर मुंबईचे विश्लेषक डॉ. ग्रे यांनी तो तपासला. त्यात सोमल सापडला, आणि त्यातील चकाकणारे कण हिऱ्याच्या भुकटीचे असावेत, असे मत पुढे आले. मल्हारराव गायकवाड यांच्यावरील आरोपाच्या चौकशीसाठी १८७५ साली सहा जणांचे कमिशन बसले. त्यात सर रिचर्ड कौच यांच्यासह तीन इंग्रज, आणि ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव हे तीन हिंदी सभासद होते. तिघा इंग्रजांनी आरोप शाबीत मानला, तिघा हिंदी सभासदांनी मानला नाही. अखेर मल्हाररावांस पदच्युत केले ते राज्यकारभारातील अव्यवस्थेच्या कारणावरून.

या प्रकरणातून अभ्यासकाने कोणता बोध घ्यावा? पेल्यात सोमल होता, एवढे रसायनशास्त्र सांगू शकले. तो कोणी घातला व कोणाच्या सांगण्यावरून, हे सांगण्याचे सामर्थ्य त्याच्यात नव्हते. तो भाग रेसिडेन्सीतील नोकरांच्या आणि महाराजांच्या खासगी कारभाऱ्याच्या जबान्यांवर अवलंबून होता. बचावाचे वकील सार्जंट बॅलंटाइन हे या कामासाठी इंग्लंडहून आलेले. साक्षीदारांची भाषा त्यांस दुभाष्याच्या मुखानेच कळावयाची. विश्लेषकाचा अहवाल एकच, परंतु जबान्यांचे वजन करताना कमिशनचे बरोबर दोन भाग पडले. तेथे राजकारणही होते, यात संशय नाही. तथापि रसायन जेथे थांबते तेथून पुढचा रस्ता शब्दांचा आहे, हे बडोद्याच्या पेल्याने इतक्या लवकर दाखवून दिले होते.

४

तिसरे वळण ठशाचे. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर शाईने संपूर्ण हाताचा पंजा उमटवून घेतला. त्या वेळी त्याचा हेतू, पुढे करार नाकारता येऊ नये अशी धास्ती बसावी, इतकाच होता. म्हणजे तो पंजा ‘निशाणी नांगरा’हून फार दूर गेलेला नव्हता. त्यातून प्रत्येक बोट निराळे असते आणि ते जन्मभर पालटत नाही, हे ज्ञान हळूहळू घडले. गाल्टनचा ग्रंथ १८९२ साली आला. कलकत्त्यास १८९७ साली जगातील पहिला अंगुलिमुद्रा विभाग स्थापन झाला. त्याच्या वर्गीकरणामागील गणिती काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी अधिकाऱ्यांचे. पद्धतीस नाव मात्र मिळाले त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे. १९०१ साली लंडनच्या स्कॉटलंड यार्डने हीच पद्धत उचलली. ‘निशाणी अंगठा’ आता व्यवसायाची खूण राहिला नाही. तो त्या एका माणसाचा झाला.

याच काळात गुन्हेशास्त्रही आकार घेत होते, परंतु त्याची आपल्याकडील पहिली पावले अभिमानाने सांगावी अशी नाहीत. इटलीत लोम्ब्रोसोने १८७६ साली जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली. हिंदुस्थान सरकारने तर त्याआधीच, १८७१ साली, काही जमाती जन्मतःच गुन्हेगार मानणारा कायदा केला होता. १९११ च्या सुधारित कायद्याने त्याची व्याप्ती वाढली व मुंबई इलाख्यातही अनेक जमातींना हजेरी, वसाहती आणि काटेरी तारांचे कुंपण भोगावे लागले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. भाषेत मात्र तो रद्द झालेला नाही. ‘भामटा’ हे एका जमातीचे नाव आणि फसविणाऱ्याचे सामान्यनाम, दोन्ही मराठीत एकच झाले. ‘उचल्या’ या शब्दाचीही तीच गत. लक्ष्मण गायकवाड यांनी तेच नाव आपल्या आत्मकथनास दिले आणि १९८८ साली त्या ग्रंथास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. जो विद्यार्थी गुन्हेशास्त्रात पदवी घेऊन उद्या कारागृहात, पुनर्वसनाच्या कामात अथवा पोलीस प्रशिक्षणात जाईल, त्याने कोशातील अशा शब्दांचा इतिहास जाणला पाहिजे. अन्यथा जो पूर्वग्रह कायद्याने टाकून दिला तो शब्दाच्या वाटेने अहवालात परत येतो.

५

स्वातंत्र्यानंतर या विज्ञानास स्वतंत्र संस्थांचे रूप आले. कलकत्त्यास १९५२ साली पहिली राज्य न्यायसहायक प्रयोगशाळा, मुंबईस १९५८ साली तशीच प्रयोगशाळा, सागर विद्यापीठात १९५९ साली गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञान यांचा विभाग, दिल्लीस १९७१ साली राष्ट्रीय संस्था, असा हा क्रम आहे. मुंबईची प्रयोगशाळा निघाली त्याच सुमारास एक मराठी खटला न्यायालयात चालू होता, आणि न्यायवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो वाचला पाहिजे : अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य.

पुण्यातील एक सधन विधवा बाई नोव्हेंबर १९५६ मध्ये आपल्या परिचयाच्या डॉक्टरांबरोबर रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाल्या. गाडी मुंबईस पोचली तेव्हा त्या बेशुद्ध होत्या आणि १३ नोव्हेंबर रोजी रुग्णालयात त्यांचा अंत झाला. विश्लेषकास शरीरात कोणतेही विष सापडले नाही. असे असताही आरोपी दोषी ठरला आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९५९ रोजी शिक्षा कायम केली. विष शोधून काढता आले नाही एवढ्याने गुन्हा अशाबीत ठरत नाही, परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पुरी असेल तर तीही पुरेशी होते, असे या निर्णयाने सांगितले. त्या साखळीतील एक महत्त्वाचा दुवा होता पत्रांचा. बाईंच्या मृत्यूनंतर, त्या हयात असून त्यांनी अन्यत्र संसार थाटला आहे असे भासविणारी बनावट पत्रे त्यांच्या आप्तेष्टांस येत राहिली होती. बडोद्यात रसायन बोलले आणि जबान्या डळमळल्या. येथे रसायन मूक राहिले आणि कागद बोलला.

कागदाची परीक्षा हे म्हणूनच या शास्त्राचे जुने अंग आहे, आणि मराठीपुरते बोलावयाचे तर ते अजून अपुरे विकसित झालेले आहे. कोकणातील जमिनीच्या कित्येक वादांत आजही मोडी कागद पुढे येतात. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहीत, हात न उचलता ओळ चालते. रोमन किंवा देवनागरी अक्षरांवर बसविलेली हस्ताक्षरतुलनेची लक्षणे अशा लेखास जशीच्या तशी लावता येत नाहीत. जो मोडी उत्तम वाचतो, जुन्या दप्तराची वाक्यरचना ओळखतो, आणि शाई, कागद व लेखणी यांचे विज्ञानही शिकतो, अशा अभ्यासकाची उणीव भरून काढणे हे भाषा आणि इतिहास या दोन्ही विभागांचे काम आहे.

६

आता मालवणच्या किनाऱ्याकडे परत येऊ. समजा, किनाऱ्यावर एक प्रेत सापडले. मरणोत्तर पंचनामा होतो. मृत्यू बुडून झाला की मृतदेह मागाहून पाण्यात टाकला, हे ठरविण्याच्या कामी डायटम या सूक्ष्म एकपेशी शैवलांची परीक्षा उपयोगी पडते. त्यांचे कवच सिलिकेचे असल्याने ते सहज नाश पावत नाही. जिवंत माणूस बुडताना पाणी श्वासावाटे ओढतो व हे कण रक्तावाटे अस्थिमज्जेपर्यंत पोचू शकतात. परंतु गोड्या पाण्यातील आणि खाऱ्या पाण्यातील जाती भिन्न असल्याने मिळालेले कण घटनास्थळाच्या पाण्याशी ताडून पाहावे लागतात. पंचनाम्यात नुसते ‘पाण्यात बुडून’ असे लिहिले, तर कर्लीची खाडी, तारकर्लीचा समुद्र, गावातला व्हाळ आणि घरामागची बाव यांतील फरक पुसला जातो आणि प्रयोगशाळा कशाशी ताडावे हे विचारीत बसते. सिंधुदुर्गातील हाताच्या ठशाचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

वेळेचेही तसेच. येथला मच्छीमार पुष्कळदा घड्याळाने न सांगता भरती-ओहोटीने व तिथीने सांगतो. अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर कमी असतो, त्या दिवसांना तो ‘भांग’ म्हणतो. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीस ‘उधाण’. घाटावरून बदलून आलेल्या लेखनिकाने ‘भांगात होतो’ या शब्दांचा अर्थ नशा असा केला, तर साक्षीदाराची वेळ जाईल आणि अब्रूही.

परंतु सर्वांत गंभीर प्रश्न क्रियापदाचा आहे. प्रमाण मराठीत ‘मारले’ एवढ्याच रूपावरून कोणी मारले ते कळत नाही. ‘मी मारले’ आणि ‘त्याने मारले’ यांत क्रियापद तेच. मालवणीत तसे नाही. ‘मारल्यान’ म्हणजे त्याने किंवा तिने मारले. ‘मारलंय’ म्हणजे मी मारले. कर्त्याचे नाव वा सर्वनाम गाळले तरी क्रियापदाचा शेवटच कर्ता सांगतो. आता हे दोन शब्द घाटावरच्या कानाने ऐका. ‘मारलंय’ हे त्यास ‘मारले आहे’ असे, कर्त्यावाचून, ऐकू येईल. बोलणाऱ्याने स्वतःकडे घेतलेले कृत्य कागदावर बेवारशी होईल. आणि ‘मारल्यान’मधील ‘त्याने’ लेखनिकाने नुसत्या ‘मारले’त विरघळवला, तर दुसऱ्याकडे बोट दाखविणारे वाक्य पुढे वाचणाऱ्यास कबुलीसारखे वाटू शकेल.

कायदा किती बारकाईने शब्द पाहतो हे ध्यानात घेतले म्हणजे यातील धोका कळतो. पोलिसांपुढील कबुली पुरावा म्हणून चालत नाही; परंतु आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर त्या शोधाशी निगडित तेवढा भाग चालतो. पुलुकुरी कोटय्या याच्या १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात प्रिव्ही कौन्सिलने एका काल्पनिक वाक्याचे दोन तुकडे करून दाखविले. सुरा घराच्या छपरात लपविला आहे, हा भाग ग्राह्य. त्याने अमुक मनुष्यास भोसकले, हा भाग अग्राह्य. इंग्रजी वाक्यात दुसरा तुकडा शेवटी येत असल्याने तो सहज कापता येतो. मराठीत ‘भोसकलेला सुरा’ असे धातुसाधित विशेषण नामाच्या आधी बसते, आणि भोसकणारा कोण ते त्यात नसतेच. मराठी वाक्य कोठे कापावे, हा प्रश्न इंग्रजी निर्णयाच्या भाषांतराने सुटत नाही. त्यास मराठीचे व्याकरण जाणणारा माणूस लागतो. तीच गोष्ट ‘म्हणे’ची. पुरावा कायदा ऐकीव साक्ष वर्ज्य मानतो. ‘तो रात्री आला’ आणि ‘तो रात्री आला म्हणे’ यांतील भेद आपल्या भाषेने कायद्याच्या कितीतरी आधी केलेला आहे. गोमंतकातील कोंकणीत हेच काम ‘खंय’ हा शब्द करतो. लिहिताना हे दोन अक्षरांचे अव्यय अनावश्यक म्हणून गाळले, की ऐकीव गोष्ट प्रत्यक्ष होऊन बसते.

चांगल्या पंचनाम्याने ही शिस्त कधीच ओळखलेली आहे. जाणता अंमलदार ‘रक्ताचा डाग’ असे लिहीत नाही, ‘रक्तासारखा दिसणारा डाग’ असे लिहितो. कारण रक्त आहे की नाही हे प्रयोगशाळेने सांगावयाचे. डोळ्यांनी दिसले तेवढेच लिहावे, अनुमान दुसऱ्यासाठी ठेवावे, हा या एका ‘सारखा’चा अर्थ. हीच शिस्त क्रियापदांना आणि अव्ययांना लागू करणे, एवढेच आता करावयाचे आहे.

७

१ जुलै २०२४ पासून नव्या संहिता अमलात आल्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६ व्या कलमाने, सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा व त्याचे चित्रमुद्रण व्हावे, असे ठरविले असून राज्यांस त्याच्या पूर्ततेसाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. याचा अर्थ असा की, ज्यास आपण दूरच्या प्रयोगशाळेतला माणूस समजत होतो तो आता घटनास्थळी उभा राहणार. दीडशे वर्षांपूर्वी तज्ज्ञ आणि हजर माणूस हे दोघे वेगळे झाले होते. नव्या कायद्याने ते पुन्हा एकत्र आणले आहेत. यामुळे पदांची गरज वाढेल हे उघड आहे.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यास शिक्षणाची सोय आता दूर नाही. मुंबई, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. २०२० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे एक केंद्र गोव्यात, म्हणजे सिंधुदुर्गाच्या सीमेपलीकडेच आहे. राज्याच्या प्रयोगशाळा मुंबईप्रमाणे पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर इत्यादी ठिकाणी आहेत. अध्यापनाकडे जाणाऱ्यास राष्ट्रीय पात्रता परीक्षेत गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञान हे दोन स्वतंत्र विषय आहेत. विषशास्त्र, रक्तगट व डीएनए, शस्त्रास्त्रे, संगणकीय पुरावा यांसाठी विज्ञानाची पदवी हवी, यात तडजोड नाही. परंतु लेखपरीक्षा, ध्वनिमुद्रित आवाजाची ओळख, धमकीच्या निनावी पत्रांचे विश्लेषण आणि बोलीतील जबान्यांचे लेखन-भाषांतर ही कामे भाषाशास्त्रावाचून पुरी होत नाहीत. घटनास्थळीचे चित्रमुद्रण वाढले की बोलीतले बोलणे जसेच्या तसे टिकून राहील. मग लेखनिकाचा कागद आणि साक्षीदाराचा आवाज एकमेकांशेजारी ठेवले जातील, आणि त्यांतील अंतर मोजणारा कोणीतरी न्यायालयास लागेल.

त्या माणसाची तयारी आपण करीत आहोत काय? बोलीच्या अभ्यासात आम्ही आजवर म्हणी, लोकगीते व नातेसंबंधाचे शब्द पुष्कळ गोळा केले. ते काम मोलाचे आहे. परंतु ‘-ल्यान’ आणि ‘-लंय’ यांचा भेद शास्त्रशुद्ध रीतीने नोंदवून तो तपासी अंमलदारास, पंचास व न्यायाधीशास समजेल अशा भाषेत मांडणे, हेही संशोधनच आहे. आणि त्याच्या अभावी एखाद्या निरपराध्याचे आयुष्य पणास लागू शकते. मालवणहून आलेल्या ज्या विद्यार्थ्यास स्वतःची बोली परीक्षेत लपवावीशी वाटते, त्यास आम्ही हेच सांगू की, या क्षेत्रात ती त्याची उणीव नसून त्याचे विशेष ज्ञान आहे. पुरावा कायद्याने ज्यास तज्ज्ञ म्हटले, त्याचे लक्षण यापेक्षा निराळे नव्हते.